माझ्या मयताच्या घोड्या आणि तुरुमताय विमान कंपनी

३ सप्टेंबर

ही वही डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब लिहायला दिली. सकाळी एक आकडा, संध्याकाळी एक आकडा. एवढ्या जाडजूड वहीत दोन आकडे म्हणजे लग्नाच्या कढईत एक अंडं उकडण्यासारखं. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीच्या वर्षी मेंढ्या लवकर व्यायल्या आणि माझं शिक्षण तिथंच पूर्ण झालं. पण लिहिता येतं. तेव्हा आकड्यांच्या शेजारी जागा उरेल तिथं मी माझं लिहिणार. डॉक्टरीणबाईंना वाचता नाही आलं तर त्यांनी चष्मा बदलावा, माझं अक्षर आता बदलायचं नाही.

आज आमच्या डोंगरातल्या गावाला, काझारमानला, विमान आलं. आपलं स्वतःचं. कंपनीचं नाव तुरुमताय, म्हणजे तो चिमुकला ससाणा, जो स्वतःपेक्षा मोठ्या पक्ष्यांच्या मागं लागतो आणि बहुतेक वेळा उपाशी झोपतो. नाव विचार करून ठेवलेलं दिसतं.

कंपनीचा प्रमुख तोक्तोसुन. इथलाच पोरगा, राजधानीत, बिश्केकला जाऊन मोठा झाला, पोटानंही झाला. पण रीत विसरलेला नाही. लेकरू चालायला लागलं की आपण त्याच्या पायाला काळा-पांढरा दोर बांधतो, पोरांची शर्यत लावतो आणि पहिला येईल तो दोर कापतो, म्हणजे लेकरू आयुष्यात अडखळत नाही. तर तोक्तोसुननं विमानाच्या पुढच्या चाकाला दोर बांधला. सगळ्या गावाची पोरं धावपट्टीवर पळाली. गॅसवाल्याची नात पहिली आली, तिनं दोर कापला, आम्ही तळलेल्या कणकेचे बोर्सोक आणि साखर उधळली. वैमानिक रुस्लान शिडीवर बसून डोकं धरून होता. शहरातल्या माणसांना आनंद कसा करायचा ते कळत नाही.

माझी शेजारीण बुरुलचा मला कोपरानं ढोसून म्हणाली, "सायरा, दोर कापला ते ठीक. चाकाचं रबर बघितलंस? माझ्या चपलेला याहून जास्त आहे."

बुरुलचाला लग्नात नवरीचं नाक दिसतं आणि मयतात कफनाची शिलाई. मी तिच्याशी साठ वर्षं मैत्री ठेवली आहे, याबद्दल मला स्वर्गात वेगळी खोली मिळायला हवी.

५ सप्टेंबर

नातू एर्मेक विमानतळावर कामाला लागला. तिकीट तोच फाडतो, पोती तोच वजन करतो, धावपट्टीवरच्या गाईही तोच हाकलतो. हुद्दा विचारला तर म्हणतो, "स्थानक व्यवस्थापक." मी म्हटलं, "गाईंना सांगितलंस का?"

आज तो चहा पिता पिता म्हणाला, "आपा, कंपनी गावातल्या लोकांना शेअर देतेय. पैसे नसले तर घोडेही घेतात. शरदातल्या बाजारात घोडे विकून इंजिनाची दुरुस्ती करायची आहे."

मला कळलं घोडं कुठं पेंड खातंय. माझ्याकडे घोड्या आहेत, पण त्या माझ्या मयताच्या. इथं प्रत्येक म्हातारी आपल्या मयतासाठी काहीतरी बाजूला ठेवते. कुणी कापड, कुणी पैसे. मी घोड्या ठेवल्या, कापून गावाला जेवण घालायला. माझा नवरा सातिबाल्दी गेला त्या वर्षी त्यानंच त्यांच्या मांडीवर आमच्या घराचा शिक्का मारून ठेवला होता, चंद्रकोर आणि खाली ठिपका. तेव्हापासून त्यांना कुणी हात लावलेला नाही, एर्मेकच्या लग्नातही नाही. मी गेल्यावर वर्षाच्या जेवणाला कुणी उठून म्हणू नये की सायराकानच्या घरी मांस कमी पडलं. एवढी एकच इच्छा आहे माझी.

"आपा," एर्मेक म्हणाला, "विमान कंपनीतली गुंतवणूक लांब मुदतीची असते. चांगली चालवली तर दहा वर्षांत दुप्पट-तिप्पट."

"म्हणजे दहा वर्षं मी मरायचं नाही."

"तसं नाही म्हणालो मी."

"अरे म्हण की. या वयात म्हातारीला लोक पुढच्या गुरुवारचाही वायदा देत नाहीत."

मला इतकं बरं वाटलं की दुसरा कप चहा घेतला.

८ सप्टेंबर

तोक्तोसुन स्वतः आला. मी मेंढी कापली, डोकं त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं रीतीप्रमाणं कान कापून घरातल्या लेकराला दिला, दोन्ही डोळे चवीनं खाल्ले, आणि माझे हात हातात घेऊन म्हणाला, "आई, घोडा मरतो, विमान मरत नाही."

असं वाक्य डोकं असलेल्या माणसालाच सुचतं. मी घोड्या दिल्या. त्याचा गुराखी झाकिप त्या वरच्या कुरणात घेऊन गेला, गावातल्या बाकीच्यांचे घोडे आधीच तिथं होते. म्हातारी करडी घोडी, डाव्या कानाला चीर असलेली, जाताना वळून माझ्याकडे बघत होती. तिला मी सांगितलं, जा बाई, तू आता विमान होणार आहेस.

२ ऑक्टोबर

दात बसवायला बिश्केकला गेले. काय तो थाट. विमानाचं दार मागं आहे, तेव्हा मानाची जागा सगळ्यांत पुढं. घरातही दारापासून लांब बसतो तो मोठा आणि दाराशी बसते ती सून. तोक्तोसुनचा हुकूमच आहे, वडीलधाऱ्यांना पुढं बसवा. मग पांढऱ्या दाढ्या पुढं, त्यांच्या मागं आम्ही म्हाताऱ्या, आणि मागच्या अर्ध्या विमानात दोन शाळकरी पोरी.

रुस्लान आला. मोठ्या माणसाला आपण बाइके, म्हणजे दादा म्हणतो, तसं तोही म्हणाला, "तोक्तोसुन बाइके, सगळं वजन पुढं आलंय. नाक जड होतं."

तोक्तोसुन हसून म्हणाला, "पोरा, आदराला वजन नसतं."

आम्ही टाळ्या वाजवल्या. रुस्लान काहीतरी रशियनमध्ये बोलत गेला. ते मी वहीत लिहीत नाही.

निघताना व्याही ओमुर्बेक आले नव्हते. ते घरी चहा पीत होते. विमान थांबलं. व्याह्यांसाठी थांबायचं नाही तर कुणासाठी थांबायचं. ते आले तोवर खिंडीत ढग बसले आणि विमान उडालंच नाही. मग आम्ही विमानतळावरच राहिलो, दोन दिवस. गोधड्या आल्या, चहाचा समोवार आला, कुणीतरी कोकरू आणलं. पोस्टमास्तरच्या मुलीचं लग्न तिथंच जमलं. एक बाई मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेला चालली होती, तिची तारीख हुकली, ती तेवढी रडत होती. पण सगळ्यांचं समाधान कोण करू शकतं.

१८ नोव्हेंबर

पहिला नफा वाटला.

मला वाटलं होतं, नफा म्हणजे पाकिटात नोटा येतील. तोक्तोसुन म्हणाला, "नोटा शहरातल्या कंपन्या देतात. आपण आपल्या रीतीनं देऊ." आणि सगळ्या भागधारकांना घोड्याच्या मांसाचं जेवण घातलं. शाळेच्या पटांगणात कढया लावल्या. झाकिप वाढत होता. नूडल्सवर मांस घातलेलं बेशबार्माक, आतड्यात भरलेलं चुचुक, वर घोडीच्या आंबट दुधाचं किमिझ. मला मांडीचा तुकडा मिळाला, मानाचा. मी दोनदा वाढून घेतलं, नवे दात वसूल करायचे होते. म्हटलं, "किती मऊ शिजलंय."

बुरुलचाकडे शेअर नाही, एक गाय आहे, तरी ती आली. चघळत म्हणाली, "तीन महिन्यांत नफा? माझी गायसुद्धा व्यायला नऊ महिने घेते."

"तुझ्या गाईला व्यवस्थापन येत नाही," मी म्हटलं.

एर्मेक जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. तोक्तोसुननं त्याला इंजिनाची दुरुस्ती वसंतात करू असं सांगितलं, तेव्हापासून त्याचं पोट बिघडलेलं आहे.

२० डिसेंबर

तोक्तोसुननं इस्तंबूलला विमान सुरू केलं. भाड्याचं मोठं विमान, त्यावर ससाण्याचं चित्र. एकदा गेलं. परत येताना रिकामं आलं म्हणतात. पण गेलं तर खरं. बिश्केकच्या कार्यालयात पांढऱ्या चामड्याच्या खुर्च्या आणल्यात, मी एर्मेकच्या फोनवर पाहिल्या. एका खुर्चीत आमची सून आणि तिची आई दोघी मावतील.

१४ जानेवारी

विमान बंद. इंजिन बसलं. खिंड बर्फानं बंद आहे, म्हणजे आम्ही काझारमानमध्ये लोणच्याच्या बरणीत घातल्यासारखे. दुकानातलं पीठ संपत आलं. लोक तोक्तोसुनला फोन करतात. तो म्हणाला, इंजिनालाही घोड्यासारखी विश्रांती लागते. मग म्हणाला, तो परदेशात अभ्यासाला चाललाय. बिचारा. या वयात अभ्यास.

२ फेब्रुवारी

बिश्केकच्या मोठ्या भागीदारांनी तोक्तोसुनला हटवून एक बाई बसवली. अनारकुल. आधी ब्रेडच्या कारखान्यात होती. आता ब्रेडवाली आम्हाला उडायला शिकवणार.

पहिल्याच दिवशी मालवाहू हेलिकॉप्टरमधून पिठाच्या पोत्यांबरोबर आली. मी रीतीनं बोलावलं, मेंढीचं डोकं पुढं ठेवलं. तिनं नीट आभार मानले, एक कान कापून लेकराला दिला, अर्धा कप चहा प्यायली आणि उठली.

"आपा, माफ करा. उजेड आहे तोवर इंजिन बघायचंय."

डोळे तसेच राहिले ताटात. माझ्याकडे बघत होते.

दारात थांबून तिनं विचारलं, "आपा, तुमच्या घोड्या तुम्ही शेवटच्या कधी पाहिल्या?"

"तुला काय करायचंय?"

"कंपनीच्या नावावर आहेत. तोक्तोसुन बाइके म्हणतात लांडग्यांनी काही खाल्ल्या, काही दूरच्या कुरणात आहेत. खिंड उघडली की मी बघायला जाणार आहे."

आल्या आल्या दुसऱ्याच्या घोड्या मोजायला निघाली. आमच्यात सुनासुद्धा पहिल्या वर्षी असं विचारत नाहीत.

१९ फेब्रुवारी

इंजिन आलं. बाईनं चामड्याच्या खुर्च्या विकल्या, तोक्तोसुनची कंपनीची मोटार विकली, इस्तंबूलचा फलक उतरवला. स्वतः खोक्यावर बसते म्हणे. चाकं नवी. बुरुलचा मुद्दाम बघून आली, "आता चपलेपेक्षा बरी आहेत," म्हणाली. तिच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र आजवर कुणाला मिळालेलं नाही.

५ मार्च

आज रक्तदाबाचा आकडा लिहीत नाही, डॉक्टरीणबाई घाबरतील.

डोळे दाखवायला बिश्केकला निघाले. तिकिटावर जागेचा नंबर होता. मी नंबर कधी बघितला नाही, सरळ पुढं चालले. तर हवाईसुंदरीनं मला थांबवून मागं नेलं. अगदी मागं. दाराशी. मला, गावातल्या सगळ्यांत मोठ्या म्हातारीला, सुनेच्या जागेवर. आणि पुढं मानाच्या जागेवर कोण, तर चिवडा खाणारा एक विद्यार्थी.

अनारकुल विमानातच होती. मी म्हटलं, "बाई, तुझ्या घरी सासूला कुठं बसवतेस?"

"आपा, आज माल पुढच्या भागात आहे. तुम्ही मागं बसलात म्हणून विमानाचं नाक वर राहतंय."

"आणि माझं नाक खाली गेलं ते?"

ती हसली नाही. म्हणाली, "मी तुमच्या शेजारी बसते." आणि बसली, दाराशी, माझ्या बाजूला. वाटेत मी तिच्याशी बोलले नाही. फक्त एकदा विचारलं, "नफा कधी वाटणार?"

"यंदा नाही. पुढच्या वर्षीही बहुधा नाही. दुसरं इंजिनही जुनं आहे."

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे."

"मग तब्येतीला जपा, आपा."

असं बोलतात का माणसाशी.

आणि ऐका. व्याही ओमुर्बेक परत उशिरा. चहा पीत होते. विमान ठरलेल्या वेळेला सुटलं. मी खिडकीतून बघितलं, ते जीपमधून उतरून टोपी हलवत होते. टोपी लहान लहान होत गेली. आम्ही बिश्केकला उतरल्यावर एर्मेकचा फोन आला, आम्ही निघाल्यावर पाव तासात वादळ आलं, खिंड दिसेनाशी झाली. या बाईचं नशीब बघा. जरा थांबली असती तर आम्ही सगळे विमानतळावर एकत्र राहिलो असतो.

आता विमान मंगळवारी जातं, शुक्रवारी जातं. तिकिटावर जी वेळ लिहिलीय तीच. लोक येतात, बसतात, जातात. कुणी कुणाशी बोलत नाही. या वर्षी विमानतळावर एकही लग्न जमलेलं नाही.

२२ मार्च

नवरोझला तोक्तोसुन आला. अभ्यास संपला वाटतं. माझ्यासाठी रुमाल आणला, रेशमी. एप्रिलमध्ये भागधारकांची सभा आहे. बिश्केकचे भागीदार अर्धे इकडे, अर्धे तिकडे, पारडं फिरवणार काझारमान. आणि काझारमानमध्ये माझा हात वर गेला की म्हाताऱ्यांचे हात वर जातात, आणि म्हाताऱ्यांचे गेले की घरातल्या सगळ्यांचे.

"आई, माझ्या काळात तुम्हाला नफा मिळाला की नाही?"

"मिळाला रे. दोनदा वाढून घेतला."

"मान मिळाला की नाही?"

रुमाल डोक्याला बांधला तर चांगला दिसतो.

एर्मेक भांडला. "आपा, तो परत आला तर विमान वर्षभर टिकणार नाही. तुमच्या मयताच्या घोड्या बुडतील."

"घोड्या बुडत नाहीत, त्यांना पोहता येतं."

"अनारकुल एजे मोठ्या बहिणीसारखी माझ्यावर ओरडते, पण काहीतरी चुकलेलं असतं तेव्हाच. तोक्तोसुन बाइके माझ्यावर कधी ओरडला नाही. इंजिन बसलं त्या दिवशीही नाही. माझ्या पाठीवर थाप मारली."

"मग? चांगलं वळण आहे त्याला."

पोरगा उठून गेला. चहा तसाच ठेवला. हल्ली सगळेच चहा अर्धा ठेवतात.

१२ एप्रिल

सभा झाली. सावकाश लिहिते.

शाळेच्या व्यायामाच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर पटांगणात तोक्तोसुननं कढया चढवल्या होत्या, आधी जेवण, मग मतदान. शहाणा माणूस. सकाळपासून वास सगळ्या गावात. मी मीठ बघायला मागं गेले. झाकिप मीठ नेहमी उशिरा घालतो, त्याला लहानपणापासून सांगते.

तिथं कुंपणावर कातडं वाळत टाकलं होतं. करडं. डावा कान चिरलेला. मांडीवर चंद्रकोर, खाली ठिपका.

मी उभी राहिले. आधी वाटलं, कुणीतरी सातिबाल्दीचा शिक्का चोरलाय.

"झाकिप, ही घोडी कुणाची?"

"कंपनीची, आपा."

"कंपनीकडे कुठून आली?"

"तुमच्याकडूनच की." त्यानं कढईवरचा फेस काढला. "ही शेवटची. फार म्हातारी, सकाळपासून शिजतेय."

"बाकीच्या?"

"नोव्हेंबरचा नफा झाला ना. मग नव्या वर्षाचा पाहुणचार. इस्तंबूलच्या पाहुण्यांना. तुम्हीच तर म्हणालात, किती मऊ शिजलंय."

"आणि लोकांचे घोडे?"

"तेही तसेच. सगळ्यांचे सगळ्यांनी मिळून खाल्ले, आपा. कुणावर अन्याय झाला नाही."

झाकिप खोटं बोलत नाही. खोटं बोलायला लागतं तेवढं डोकं त्याला नाही. मी मीठ चाखलं. कमी होतं. घाल म्हटलं आणि आत गेले.

आत अनारकुल बोलत होती. दोन्ही इंजिनं नीट आहेत, चाकं नवी, वादळाचे दिवस सोडले तर विमान एकदाही चुकलं नाही, नफा वाटला नाही, वाटणार नाही, घोड्यांचा शोध लागलेला नाही. एवढं सांगून बसली. इतकं वाईट भाषण मी शाळेच्या मुख्याध्यापकांचंही ऐकलेलं नाही. मग तोक्तोसुन बोलला. मान, रीत, मोठ्यांचा आशीर्वाद. दोन म्हाताऱ्या रडल्या. मग परातीतून मांस आलं, आणि मांडीचा मोठा तुकडा माझ्यापुढं.

"सायराकान आई सगळ्यांत मोठ्या," तोक्तोसुन म्हणाला, "त्यांनी आशीर्वाद द्यावा."

मी हात उघडले. सगळ्यांनी उघडले.

मी म्हटलं, "या अन्नाचं पुण्य सातिबाल्दीची बायको सायराकान, तिला पोचो. बाई चांगली होती. बोलायची जरा जास्त. तिच्या मयताला कुणी उपाशी गेलं नाही."

मुल्ला हात उघडे ठेवूनच म्हणाले, "एजे, जिवंत माणसाच्या नावानं हे चालत नाही."

"मुल्ला, हे घोडीला आधी सांगायचं होतं. तिच्या मांडीवर सातीचा शिक्का आहे, बाहेर कुंपणावर वाळतोय. या माझ्या मयताच्या घोड्या. नोव्हेंबरपासून तुम्ही माझं मयत जेवताय. मीही जेवतेय."

व्याही ओमुर्बेक हळूच म्हणाले, "मग माझा तांबडा घोडा?" झाकिप दारात पळी घेऊन उभा होता. त्यानं पळीकडे बघितलं.

तोक्तोसुन मात्र घाबरला नाही. हसरा चेहरा तसाच. "आई, मी एकट्यानं खाल्लं का? खाल्लं सगळ्यांनी. तुम्हीच आग्रहानं वाढून घेतलंत. मी तुमच्यासाठीच केलं."

आपलेच दात, आपलेच ओठ. ज्यांनी बोलायचं त्यांच्या दाढांत मागच्या नफ्याचा तुकडा अडकलेला. बुरुलचासुद्धा खाऊन बसली होती. तिचा तर शेअरही नव्हता.

मी म्हटलं, "खरं आहे पोरा. तू फार सढळ हातानं वाढलंस. म्हणूनच आता पळी दुसऱ्याच्या हातात देऊ." आणि प्रार्थना संपवताना फिरवतात तसे दोन्ही हात तोंडावरून फिरवले, "ओमीन."

मयताच्या जेवणाला नाही म्हणता येत नाही. सगळे जेवले. मांस चिवट होतं, बिचारी म्हातारी होती. मग मतदान झालं. मी अनारकुलसाठी हात वर केला, तोही मनाविरुद्ध, दाराशी बसवल्याचा राग मी अजून सोडलेला नाही. म्हाताऱ्यांचे हात वर गेले. मग घरोघरचे.

मला वाटलं, आता तरी ती बाई चार शब्द गोड बोलेल. ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "बिश्केकला जाणाऱ्यांनी उठावं. विमान थांबणार नाही." व्याही ओमुर्बेक तोंडातला घास घेऊनच पळाले.

१४ एप्रिल

दोन दिवस मी इतकी खूष आहे की सुनेला काळजी वाटतेय. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघते.

पण विचार करा. आपल्या वर्षाच्या जेवणाला कोण आलं, कोण रडलं, कुणी दोनदा वाढून घेतलं, हे कुठल्या मेलेल्या माणसाला बघायला मिळतं? मी सगळं बघितलं. अख्खं गाव आलं होतं. बिश्केकचे पाहुणे आले होते. इस्तंबूलचेही येऊन जेवून गेले, ते तर माझ्या आजीच्या मयतालाही आले नव्हते. मांस कमी पडलं असं कुणी म्हणालं नाही. चिवट होतं म्हणाले असतील, पण माझ्या पाठीमागं.

एर्मेक आज जेवायला आला. पोट बरं आहे त्याचं. खाली मान घालून म्हणाला, "आपा, मीच तुम्हाला भरीला घातलं. अनारकुल एजे म्हणते, घोड्या परत देता येणार नाहीत. पण बिश्केकचा एक भागीदार तुमचे शेअर घ्यायला तयार आहे. कमी देईल, पण देईल. तुमच्या मयतासाठी काहीतरी हातात राहील."

"आणि ती स्वतः काय म्हणते, विकावे का?"

"ती म्हणाली, आत्ता विकले तर नुकसान. थांबलात तर विमान चांगलं चालेल, पण किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही, आणि म्हातारीला थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

त्या बाईला जीभ आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं.

मी त्याच्या ताटात आणखी नूडल्स वाढल्या. म्हटलं, "सांग तिला, शेअर आहेत तिथंच राहू देत. तुझ्या लेकरांच्या नावानं कर. जिचं मयताचं जेवण होऊन गेलंय, त्या बाईला कसली आलीय घाई."